साडेसातची गाडी

सुट्टीचा कागद आधी माझ्या खिडकीत येतो,
मग माणूस.
डिस्चार्जला इथं सुट्टीच म्हणतात,
जणू घंटा झाली, आता पळायचं.

लिंगू आत्राम, वय अंदाजे साठ, राहणार खैरपोड.
अंगणात चक्कर येऊन पडलेला,
कपाळाला तीन टाके.
चौथ्या दिवशी माझ्यासमोर उभा:
एक हात बायकोच्या खांद्यावर,
दुसऱ्यात खताच्या दुकानाची पिशवी.

मारेगावच्या ग्रामीण रुग्णालयात
मी औषधं मोजून देते.
नेमणुकीच्या कागदावर तेवढंच काम लिहिलंय.
तरी विचारते, घरी काय काय खाता, दाखवा.
जंगूबाई पिशवी काउंटरवर उलटी करते.

बिनझाकणाची बाटली.
उंदरानं कुरतडलेली पट्टी.
सुनेच्या बाळंतपणातल्या लोहाच्या गोळ्या.
आणि रक्तदाबाच्या दोन:
गुलाबी, वणीच्या डॉक्टरची.
पांढरी, पोडावरच्या शिबिरातली.
नावं वेगळी, औषध एकच.
लिंगूदादा दोन्ही घेत होते, रोज,
कोणाचाच शब्द मोडू नये म्हणून.

पांढरी पट्टी उलटी करून मी बॅच नंबर वाचला.
रजिस्टर उघडायची गरज नव्हती.
त्या शिबिरात टेबलामागे मीच होते.
दुपार झाली होती, रांग मोठी होती,
"आधी काही चालू आहे का?" हे मी
कितव्या माणसापर्यंत विचारलं, आता आठवत नाही.

डॉक्टर पाचपोरांना फोन केला.
ते आले, कागद बघितला,
एक ओळ खोडून बाजूला सही केली.
मला काही बोलले नाहीत.
बोलले असते तर बरं वाटलं असतं.

"घड्याळ आहे घरी?"
"हाये. सेल गेला त्याचा."
"मग सकाळ झाली हे कसं कळतं?"
"साडेसातची गाडी जाते ना फाट्यावरून."

ठरलं. गाडी गेली की एक गुलाबी
आणि पायाच्या सुजेची अर्धी.
सुजेची संध्याकाळी घ्यायची नाही, दादा,
रात्रीतून चारदा लघवीला उठाल,
अंधार, दगड, आणि कुडाकडेला साप.
"आता तुम्ही मले सांगा," मी म्हणाले.
त्यानं पाढ्यासारखं म्हणून दाखवलं.
अर्धीला अडखळला. पुन्हा म्हणवून घेतलं.
गोळी मी आधीच मधोमध तोडून
पुड्या बांधून दिल्या, पंधरा दिवसांच्या.
मागून कोणीतरी ओरडलं,
"ओ मॅडम, येथीच मुक्काम हाये का त्यायचा?"

तिसऱ्या दिवशी फोन लावला.
नंबर अंगणवाडीच्या मदतनीसबाईचा,
ती चालत गेली, जंगूबाईला दिला.
"काल गोळी नाई घेतली. आजबी नाई."
"काऊन?"
"गाडीच आली नाई ना. नाल्यावरचा पूल खचला म्हनते.
वाट पाहून रायला तो फाट्यावर,
पुडी मुठीत धरून."

मी हसले.
मग हसू घशात अडकलं,
पाण्याशिवाय गिळलेल्या गोळीसारखं.
मी सांगितलं तेच तर तो करत होता,
अक्षर न् अक्षर.

"जंगूबाई, सकाळी उठल्यावर पहिलं काम कोणतं?"
"बकऱ्या सोडनं."
"रोज?"
पलीकडून ती हसली, मोठ्यानं.
"बकऱ्या थांबते का बापा कोनासाठी!"

"मग ऐका. बकऱ्या सुटल्या की गोळी.
गाडी येवो, न येवो."
"हो. अन् अर्धी?"
"अर्धीपण तेव्हाच."
"सांगतो त्याले. पह्यले फाट्यावरून आनतो."

फोन ठेवला. रांग पुढं सरकली.
रजिस्टरात नाव, वय, औषध, नग, सही,
याच्यासाठी रकाना नाही.
समासात लिहून ठेवलं, बारीक अक्षरात:
आत्राम, खैरपोड. गाडी नाही. बकऱ्या.